मागचे कॅलिपर आणि आपल्या मातोश्री

तीर्थस्वरूप दादा यांस,

सप्रेम नमस्कार. आधी आपल्या गुडघ्याची चौकशी करतो, कारण एकदा मुख्य विषयाला हात घातला की गुडघा राहूनच जाईल, आणि मग वहिनी म्हणतील की या माणसाला स्वतःच्या गाडीपलीकडे काही दिसत नाही. तर गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का? तेल चोळणं सोडू नका. वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो आहे. पुढे वाचताना मध्येच आपल्याला शंका येईल, तेव्हा मागे येऊन ते पुन्हा वाचावं.

फोन न करता पत्र का, असं आपण विचाराल. आमच्या घरात फोनवर बोलायला एकच जागा बरी आहे, ती म्हणजे बाहेरची खोली, आणि तिथे आपल्या मातोश्री बसलेल्या असतात. शिवाय हा विषय निघाला की रविवारपासून माझा आवाज आपोआप चढतो आणि शेवटचे शब्द चिरकतात. कागदावर निदान चिरकणं ऐकू येत नाही.

झालं असं, की गेल्या महिन्यापासून बाबांच्या गाडीच्या (मी तिला अजून बाबांचीच गाडी म्हणतो, त्यांच्या मागे आई आणि गाडी, दोघी एकदमच आमच्याकडे राहायला आल्या) मागच्या अंगाने एक आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्याचा तळ चमच्याने खरवडावा तसा. त्याच्या जोडीला जळकट वास. माझं गाडी चालवणं आपल्याला माहीत आहे. आपणच एकदा म्हणाला होतात की माझ्या शेजारी बसलं की पायी निघालो असतो तर लवकर पोचलो असतो असं वाटतं. मी ते कौतुक समजून घेतलं होतं. जो माणूस विमा कंपनीत बसून दिवसभर अपघातांचे दावे तपासतो, कोण कुठे कसा आपटला याची सविस्तर वर्णनं वाचतो, तो दुसरं कसं चालवणार? त्यातून मी ऑफिसला बसने जातो. गाडी बाहेर निघते ती रविवारी, बाजारापुरती. (निदान त्या वेळी मी असं समजत होतो.) एवढ्याशा वापरात ब्रेक कुरकुरायचं कारण काय?

गॅरेजवाल्याने चाक काढलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं. मागचे दोन्ही कॅलिपर गेलेत म्हणाला. आपल्याला कॅलिपर ठाऊक नसेल तर सांगतो: चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी पकडून थांबवणारा जो पंजा असतो तो कॅलिपर. आमचे पंजे तबकडी धरून बसले होते, सोडायला तयार नव्हते. आतले पॅड झिजून संपले होते आणि लोखंडावर लोखंड घासत होतं. मी म्हटलं, गाडी जुनी आहे, चालायचंच. तो म्हणाला, “जुनी असली तरी पुढचे आधी जातात. तुमचे पुढचे चांगले आहेत. गाडी कोण कोण चालवतं?”

“मीच.”

“फक्त तुम्हीच?”

“फक्त मीच.”

त्याने फडक्याला हात पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “मग साहेब, हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, आणि तुम्ही तो ओढलेला ठेवून गाडी चालवता.”

दादा, मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले आहेत. आपल्या भगिनी तर रोजच बोलतात. पण हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. मी हँडब्रेक सोडल्यावर सुटला की नाही हे दोनदा हात लावून पाहणारा माणूस. मी तिथल्या तिथे चाक परत बसवायला लावलं आणि पहिल्या गियरमध्ये, सायकलवाल्यांना पुढे जायला वाट देत, घरी आलो. असा आरोप करणाऱ्याच्या हाती मी बाबांची गाडी देणार नव्हतो. सुट्या भागांच्या दुकानातून पॅडसकट नव्या कॅलिपरची जोडी आणली आणि घरात जाहीर केलं की रविवारी हे काम मी स्वतः करणार. आपल्या भगिनींनी वहीतून डोकं वर न काढता (परीक्षेचे पेपर तपासणं चालू होतं) एवढंच विचारलं की विमा माझा स्वतःचा उतरवलेला आहे ना. आई पिशवीतून एक कॅलिपर बाहेर काढून, उलटासुलटा करून बघत होत्या. मला वाटलं, बाबांच्या आठवणीने बघत असतील.

रविवारी सकाळी मी जुना शर्ट चढवला. मोबाईल खिडकीच्या गजाला टेकवून त्यावर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हसत हसत नट सैल करतो. आमचे नट हसण्यावारी नेण्यातले नव्हते. पाना लावून जोर केला, पान्यावर उभा राहिलो, शेवटी पान्यावर उड्या मारल्या, तेव्हा तो एकाएकी सुटला आणि मी धुण्याच्या बादलीत बसलो. (बादलीत पाणी होतं. शर्ट जुना होता, पँट नव्हती.) गाडी जॅकने उचलली, खाली भक्कम घोड्या लावल्या, घोड्यांच्या शेजारी खबरदारी म्हणून दगड रचले, दगडांच्या शेजारी लाकडाचे ठोकळे. एका दाव्यात मी वाचलं होतं की... जाऊ द्या, आपण जेवायच्या आधी वाचत असाल. जुने कॅलिपर काढताना ब्रेक ऑईल सांडलं ते नेमकं आईंच्या हिरव्या खुर्चीवर, आणि बघता बघता खुर्चीचा रंग सायीसारखा सुटून आला. हे ऑईल रंग खातं हे व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं, पण पुढच्या भागात. ते असो. दुपारच्या आत दोन्ही नवे कॅलिपर चढले. मी बोल्ट आवळले, मागे सरकून बघितलं आणि त्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

उरली होती हवा. ब्रेकच्या नळ्या सोडल्या की आत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. हे काम दोघांचं असतं. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि परत आवळायचा. मी आपल्या भगिनींना हाक मारली. त्या म्हणाल्या, गठ्ठा संपल्याशिवाय उठणार नाही. तेव्हा आई पदर खोचून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मी बसते की. पायच तर दाबायचा.”

मी त्यांना अगदी सविस्तर समजावून सांगितलं. आपल्या मातोश्री म्हणजे कशा, हे आपल्याला मी काय सांगावं. रस्ता ओलांडताना माझ्या शर्टाची बाही घट्ट धरतात. लिफ्टमध्ये एकट्या जात नाहीत. त्यांना इथे पाठवताना आपण मला बाजूला घेऊन बजावलं होतंत की आईला कुठे एकटीला सोडू नका, ती घाबरते. म्हणून मी दार उघडून त्यांना हात धरून बसवलं, आणि तीन पेडलांपैकी मधलं दाखवून सांगितलं की याला ब्रेक म्हणतात. त्यांनी मान डोलावली.

मग आमचं सुरू झालं. मी खालून म्हणायचं “दाबा”, त्यांनी म्हणायचं “दाबलं”. मी “धरा”, त्या “धरलं”. मी स्क्रू सोडायचा, थोडं ऑईल यायचं, स्क्रू आवळायचा आणि म्हणायचं “सोडा”. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे, पण समोरच्या घरातल्या शिलाईवाल्या बाई गॅलरीत येऊन बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या, इतका वेळ नक्की. हवा काही संपेना. शेवटी मी विचारलं, “पेडल घट्ट लागतंय का आता?”

वरून अगदी शांतपणे उत्तर आलं, “छे. अजून तळालाच जातंय. रोज निम्म्यावरच लागतं.”

दादा, मी त्या वेळी पाठीवर झोपलेलो होतो, तोंडावर ऑईलचे थेंब, हातात पाना. ‘रोज’ हा शब्द माझ्या कानात शिरला आणि आत कुठे बसावं हे त्याला कळेना. मी म्हटलं, “रोज?” समोरच्या गॅलरीतलं शेंगा सोलणं थांबलं. मी तसाच पडून राहिलो. नजर समोर होती तिथेच खिळली, आणि तिथे मला दिसलं की हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या खालच्या अंगाला आहे. तो वर असायला हवा. हवा वर जाते, खाली येत नाही. म्हणजे मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. एरवी यानेच मला दिवसभर पुरेल इतका धक्का बसला असता. पण त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

बाहेर सरपटत आलो. आईंनी सीट पुढे ओढून घेतली होती. आरसा स्वतःच्या उंचीला लावला होता. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गियरवर, असा काही सहज, जसा आपण उंबऱ्यावर उभं राहून बोलताना चौकटीवर ठेवतो.

“आई, आपण गाडी चालवता?”

“जवळपासच,” त्या म्हणाल्या.

आता मला सांगा, दादा, मी दाव्यांतली लबाडी शोधण्याचा पगार घेतो. वर्षभर सीट आपोआप पुढे सरकते म्हणून मी तिचा रूळ बदलून घेतला. आरसा हलतो म्हणून त्याला मागून चिकटपट्टी लावली. पेट्रोल उडतं म्हणून पंपावरच्या माणसाशी हुज्जत घातली, आणि त्या बिचाऱ्याने पुढच्या वेळी मी दिसताच मोजमापाचं भांडं घेऊन यायला सुरुवात केली. इतके सगळे पुरावे हातात असून मला एकदाही शंका आली नाही. कारण शंका घ्यायची कोणावर? मोलकरणीकडे किल्ली नसते. मांजराचे पाय पोचत नाहीत. आई तर रस्ता ओलांडताना माझी बाही धरतात.

(बाही का धरतात हेही मी नंतर विचारलं. म्हणाल्या, “तुम्ही बघत नाही हो इकडे तिकडे.”)

माझ्या हाका ऐकून आपल्या भगिनी लाल पेन हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग आईंकडे बघून हसायच्या थांबल्या, मग ओट्यावर बसल्या. मग कळलं ते असं: आम्ही दोघं कामावर गेलो की आई चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायच्या. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना तयार केलं. परीक्षा पहिल्या खेपेला हुकली, दुसऱ्या खेपेला पास. परवाना त्यांच्या पर्समध्ये, फोटोत त्या हसतायत. त्यानंतर रोज दुपारी एक फेरी. शिलाईवाल्या बाईंना कापडबाजारात, कोपऱ्यावरच्या निवृत्त हेडबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात, कधी कोणी नसलं तर नुसतंच गोदामांच्या मागच्या मैदानावर गोल गोल. सगळ्या गल्लीला माहीत होतं. फक्त आमचं घर सोडून. समोरून शिलाईवाल्या बाईंनी खुलासा केला, “आम्हाला वाटलं तुम्हीच शिकवलंत.”

“पण आई, सांगायचं तरी,” आपल्या भगिनींचा आवाज आता माझ्याइतकाच चिरकला होता. “काही झालं असतं तर?”

आई गाडीतून उतरल्या नाहीत. स्टिअरिंगकडे बघत म्हणाल्या, “तुला तो दिवस आठवतो? ह्यांच्या छातीत कळ आली तो?”

आठवतो, आपल्या भगिनी म्हणाल्या. मलाही आठवत होता. आपल्यालाही आठवत असेल. आपण सगळे बाबांना दवाखान्यात पोचवणारा तो टेम्पोवाला कसा वेळेवर भेटला हेच सांगत आलो आहोत.

“ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि मान टाकली. इंजिन चालू होतं. रस्ता सरळ होता, रिकामा. दवाखाना त्याच रस्त्याला, मला माहीत होता. आणि मी शेजारी बसून हॉर्न वाजवत होते. मला गाडीतलं तेवढंच येत होतं.”

दादा, बाबा त्यातून उठले, नंतर चांगले हिंडले फिरले, हे खरं आहे. पण इतक्या वर्षांत तो हॉर्न कोण वाजवत होतं आणि किती वेळ, हे आपल्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. आपल्या भगिनी उठून गाडीत त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो, आणि काय करावं ते न सुचल्यामुळे दगड नीट रचू लागलो.

जरा वेळाने काच खाली झाली. मी सगळं धैर्य गोळा करून विचारलं, “आई, एक विचारू? हँडब्रेक...”

“तो चढावर ओढायचा. बाईंनी शिकवलंय. नाहीतर गाडी मागे जाते.”

“आणि पुढे निघताना?”

त्यांनी हँडब्रेककडे बघितलं. “तो परत सोडायचा असतो, ना?”

“समोर लाल दिवा लागतो, आई.”

“तो लागतो खरा. मला वाटायचं, गाडी चालू आहे म्हणून लागतो.”

मी कॅलिपर परत काढले, डाव्याचा डावीकडे आणि उजव्याचा उजवीकडे बसवला आणि आम्ही पुन्हा “दाबा, धरा, सोडा” सुरू केलं. आता हवा भसाभसा निघाली आणि वरून आवाज आला, “हं, लागलं.” चाकं चढवली, गाडी खाली उतरवली. आता एक फेरी मारून ब्रेक बघायला हवे होते. मी किल्लीसाठी हात पुढे केला. आई म्हणाल्या, “आधी कसे लागत होते ते मला माहीत आहे. तुम्ही शेजारी बसा.”

मी बसलो. का बसलो हे मला अजून सांगता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी वॉचमनने आम्ही पोचायच्या आधीच आडवा दांडा वर केला आणि सलाम ठोकला (मला आजवर तो उतरून दांडा उचलायला लावतो). हेडबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, “आज जावई शिकतायत का?” गोदामांच्या मागच्या मैदानावर आईंनी गाडी सरळ केली, दुसरा टाकला, तिसरा टाकला. मी त्या मैदानावर तिसरा गियर ही कल्पनाच केली नव्हती. माझे दोन्ही पाय नसलेली पेडलं दाबत होते. आणि मग काही न सांगता त्यांनी ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. माझा चष्मा थांबला नाही. तो काचेवर आपटून परत माझ्याच मांडीत आला.

“छान लागतात,” त्या म्हणाल्या. “काम चांगलं केलंत.”

खरं सांगतो, लग्नानंतर आपल्या घराण्याकडून मिळालेलं हे मला पहिलं प्रशस्तिपत्र. ते अशा अवस्थेत मिळावं याचं वाईट वाटतं, कारण ते ऐकताना मी मांडीतला चष्मा चाचपडत होतो.

तर अशी सगळी हकीकत. आपण थोरले, म्हणून आपल्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं. वहिनींना हळूहळू सांगा, एकदम सांगू नका. माझ्यावरची माया कमी करू नका, सध्या मला तिची नेहमीपेक्षा जास्त जरूर आहे.

आपला,
आपल्या भगिनीचा नवरा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आईंनी येत्या शनिवारी आपल्याकडे यायचं ठरवलं आहे. स्वतः गाडी चालवत. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने. मी पुष्कळ आकडे वाचून दाखवले, त्यांनी मला भाजी निवडायला दिली. तेव्हा आपण थोरल्या मुलाच्या अधिकाराने त्यांना स्पष्ट शब्दांत मनाई करावी, एवढ्यासाठीच हे पत्र. माझं नाव मात्र मध्ये येऊ देऊ नका. वाटल्यास म्हणा की आपल्याला वाईट स्वप्न पडलं.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात आई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “पोस्टात कशाला टाकता? मी जातेच आहे. मीच देते.” आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. मी ते पुन्हा काढून घेतलं ते ‘एक नमस्कार राहिला’ या सबबीवर, आणि आता त्या दारात उभ्या आहेत म्हणून घाईत लिहितो. वरचा ता. क. मी लिहिलेला नाही असं समजावं. आपल्या भगिनींना शाळा असल्यामुळे आईंच्या सोबतीला मी येतो आहे. सोबत हा शब्द आईंचा आहे.

ता. क. तिसरा. हे पेन्सिलीने लिहितो आहे, अक्षराकडे दुर्लक्ष करावं. दादा, आम्ही आपल्या फाटकाबाहेर आहोत. मी चालत्या गाडीत उभ्या आयुष्यात कधी डोळा मिटलेला नाही. स्वतःच्या लग्नाच्या वरातीतही मी ड्रायव्हरच्या हाताकडे बघत होतो. पण डोंगर लागला, पहिलं वळण आईंनी घेतलं, दुसरं घेतलं, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. आत्ता जाग आली तेव्हा गाडी आपल्या भिंतीला लागून, सरळ रेषेत उभी होती, माझं तोंड उघडं होतं आणि शेजारची सीट रिकामी. त्यांनी मला उठवलं नाही. वारा यावा म्हणून माझ्या बाजूची काच तेवढी खाली करून गेल्या आहेत. आतून आपला आणि वहिनींचा आवाज ऐकू येतो आहे, दोघंही एकदम बोलताहात, आणि आईंचा आवाज मध्ये कुठेच नाही. म्हणजे त्या चहा पीत असाव्यात. मी येतोच. फक्त थोडा वेळ असाच बसून राहू द्या.